दोन महिने? मग चांगलीच टिकली की!

हे वाक्य मला फोनवर ऐकायला मिळालं. बोलणारा मुंबईतला दुकानदार, त्याच्याकडून मी फ्लेम स्कॅलप घेतली होती. भांडायला फोन केला नव्हता, पैसेही परत मागणार नव्हतो. शिंपली मेली, टाकीतलं बाकी सगळं ठणठणीत आहे, तर तुमच्या इतर गिऱ्हाइकांचा अनुभव काय, एवढंच विचारायचं होतं. तो अगदी मोकळेपणानं म्हणाला, "दोन महिने? मग चांगलीच टिकली की! लोकांकडं तीन-चार आठवड्यांत जाते." आवाजात लपवाछपवी नाही, उलट शाबासकी. मी काही बोललोच नाही. त्याला वाटलं लाइन कटली.

म्हणजे माहीत होतं. विकताना माहीत होतं.

आधीचं थोडक्यात सांगून टाकतो. मी जुळे सोलापुरात राहतो, हॉलमध्ये दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. गावात गप्पी आणि गोल्डफिश पाळणारे गल्लोगल्ली सापडतील, खारं पाणी ठेवणारे बोटांवर मोजण्याइतके. कारण उघड आहे. समुद्र रस्त्यानं तीनशेहून जास्त किलोमीटर, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, बोअरचं पाणी जड, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर. समुद्र घरीच बनवावा लागतो. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं खास मीठ विरघळवायचं (खाण्याच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा तो हिशेब नसतो) आणि रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसेपर्यंत कमीजास्त करत बसायचं. मुंबईकर उन्हाळ्यात टाकीला चिलर लावतात. मला तो परवडत नाही, पण एक गोष्ट सोलापूरच्या बाजूची आहे. इथली हवा इतकी कोरडी की पाण्यावर साधा पंखा सोडला तरी बाष्पीभवनानं टाकी तीन-चार अंश उतरते. मुंबईच्या दमट हवेत त्याच पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. बदल्यात रोज काही लिटर पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, आणि ती तूट गोड्या पाण्यानं भरावी लागते. नळ आला की बायको पिंप भरायला धावते आणि मी आरओचे कॅन. त्या दिवशी आमच्यात काय बोलणं होतं ते इथं नको.

तर फ्लेम स्कॅलप. मुठीत मावेल एवढी शिंपली, उघडली की आत लालभडक मांसल कड आणि तिच्याभोवती बोटभर लांबीच्या लाल-पांढऱ्या तंतूंची झालर. नाव स्कॅलप असलं तरी ती स्कॅलप नव्हे, तिचं कूळच निराळं, लिमिडी. धाग्यांनी स्वतःला दगडाला बांधून घेते. जागा आवडली नाही तर धागे सोडते आणि शिंपा फटाफट मिटत-उघडत चक्क पोहत निघते. इंडोनेशियाच्या बाजूला तिची एक बहीण सापडते, तिच्या ओठावर विजेसारखी पांढरी रेघ लखलखते. ती स्वतः प्रकाश देते असं कित्येक वर्षं लोकांना वाटे. २०१४ साली लिंडसे डॉहर्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ओठाच्या एका बाजूला सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे दाटीनं बसलेले असतात, ते बाहेरचाच उजेड परतवतात, आणि ओठ झरझर गुंडाळला-उलगडला की आपल्याला वीज चमकल्यासारखी दिसते. माझी ती नव्हती, साधी लाल होती. पण हे सगळं वाचून मी आधीच वेडा झालो होतो.

दुकानात मी एकच प्रश्न विचारला होता, हिला खायला काय घालायचं? उत्तर आलं, "काही नाही. पाण्यातली घाण खाते. उलट टाकी साफ ठेवते." आणि एक छोटी बाटली पुढं केली. वाटलंच तर आठवड्यातून दोनदा झाकणभर टाका म्हणे.

"पाण्यातली घाण खाते" हे वाक्य मी नंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की त्यावर थांबल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. शिंपली कल्ल्यांनी श्वास घेते आणि कल्ल्यांनीच जेवते. कल्ल्यांवरचे सूक्ष्म केस सतत हलत पाणी आत ओढतात. त्या पाण्यातले कण चिकट स्रावात अडकून तोंडाशी येतात, तिथं ओठांसारखे पदर त्यांची निवड करतात, आणि नको असलेलं गुंडाळून बाहेर टाकलं जातं. तिला हवं असतं ते जिवंत एकपेशीय शेवाळ, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट आकाराचं, समुद्रात चोवीस तास वाहत येणारं. माशांची विष्ठा, कुजलेला दाणा, नायट्रेट ही आपली घाण, तिचं अन्न नव्हे. तिच्या जोगं जे थोडंफार पाण्यात असतं ते आम्ही फिल्टर आणि प्रोटीन स्किमर लावून तासातासाला काढून टाकतो, आणि पाणी कसं काचेसारखं आहे म्हणून पाहुण्यांना दाखवतो. संगमरवरी फरशीवर गाय बांधायची आणि ती फरशी घाण करत नाही म्हणून तिचं कौतुक करायचं, असला हा प्रकार.

बरं, ही उपासमार दिसत नाही. मासा उपाशी असेल तर त्याचं पोट आत जातं, पोरालासुद्धा कळतं. शिंपली उघडी असते, लाल असते, तंतू हलत असतात. पहिले काही आठवडे माझ्याकडं येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यासमोरच उभा राहायचा. शेजारच्या आजी रोज दुपारी येऊन खुर्ची टाकून बसायच्या. पुढं तंतू थोडे आखूड वाटायला लागले. मग ती समोरच्या दगडावरून उठून मागच्या कपारीत गेली. मला वाटलं उजेड नको असेल, कारण त्यांना सावली आवडते हे खरंच आहे. मग मांसल कड शिंपेच्या काठापासून आत सरकली. आधी हाताची सावली पडली तरी ती फटकन मिटायची, आता मिटायला विचार केल्यासारखा वेळ घ्यायची. एका सकाळी ती उघडीच राहिली. टाकीतले संन्यासी खेकडे तिच्यापाशी जमले होते. मेलेली शिंपली राहू दिली तर अमोनिया वाढून दुसरे जीव जातात, म्हणून चहा व्हायच्या आधी ती काढावी लागली.

पाणी तपासलं होतं. कॅल्शियम ४२०, क्षारता बरोबर, अमोनिया शून्य, तापमान २६. कागदावर सगळं उत्तम. त्यानंतर तो फोन.

मला राग मरणाचा नाही, तो त्या "चांगलीच टिकली"चा आहे. दुकानात टिकण्याची भाषा भाजीला लावतात. ज्याला ठाऊक आहे की हा जीव शंभरातल्या नव्वद घरांत उपाशी मरणार, त्यानं विकताना एवढंच म्हणावं की बाबा, घरी शेवाळ वाढवायची तयारी असेल तर ने. गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. पण मग वाटतं, मासेविक्रीच्या धंद्यात हे कुणाला लागू करायचं? हजार-बाराशे रुपयांची शिंपली दोन महिन्यांनी मेली की माणूस दुसरी नेतो, आणि दोष स्वतःच्या हाताला देतो. मी ओळखतो असे दोघं, एकानं तीन नेल्या. कायद्याचीही गंमत बघा. जायंट क्लॅम, म्हणजे ट्रायडॅक्ना, तिच्या मांसात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच तिला उजेडातून अन्न बनवून देतं. चांगला दिवा आणि कॅल्शियम असेल तर ती टाकीत वर्षानुवर्षं जगू शकते. तिच्या भारतात सापडणाऱ्या काही जाती १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरी ठेवायचं नाव काढायचं नाही. ते योग्यच आहे, तिच्या शिंपेसाठी आणि मांसासाठी समुद्र खरवडलाय लोकांनी. पण जी जगू शकते ती बंद आणि जी मरणारच आहे ती पिशवीत बांधून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सोलापूरला.

आता खरं आश्चर्य. माझी सासुरवाडी रत्नागिरी तालुक्यातली. थंडीत तिकडं गेलो तेव्हा डोक्यात हेच होतं. सासूबाई तिसऱ्या पाण्यात घालून ठेवत होत्या, आतली वाळू टाकू दे म्हणून. मी तिथं बसून त्यांच्या नळ्या बाहेर येताना बघत राहिलो तर म्हणाल्या, "जावईबापू, तिसऱ्या खायच्या असतात, पोसायच्या नसतात." मेहुण्यानं मात्र ऐकलं. त्यानं खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्या, म्हणजे थोडे जिवंत शिणाणे, ओल्या पोत्यात बांधून दिले, दोन कॅन समुद्राचं पाणी दिलं, आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्या मित्राकडून आयसोक्रायसिस शेवाळाची एक बाटली मिळवून दिली. कोल्हापूर, मिरजमार्गे सगळं सोलापुरात जिवंत पोचलं. शिणाणा चिवट असतो, ओहोटीला तासन् तास उघड्या खडकावर मिटून राहायची त्याला सवय असते.

शेवाळ आधी वाढवलं. उकळून गार केलेलं खारं पाणी, त्यात खताचे थेंब, ट्यूबलाइट आणि हवेची नळी. आठवडाभरात बाटल्या सोनेरी-तपकिरी झाल्या. बाजारात हिरवं नॅनोक्लोरोप्सिस सहज मिळतं, पण ते फार बारीक असतं आणि त्याची भिंत जाड, बऱ्याच शिंपल्यांना नीट पचत नाही. माझ्या झाकणभर बाटलीत तेच होतं, हे लेबल भिंगानं वाचल्यावर कळलं. मग एका रविवारी बादलीत समुद्राचं पाणी घेतलं, तळ दिसणार नाही इतकं शेवाळ ओतलं आणि त्यात दहाएक शिणाणे सोडले.

जेवून, वामकुक्षी काढून उठलो तर बादलीचा तळ दिसत होता. तळावर शिणाण्यांनी गुंडाळून टाकलेल्या बारीक दोऱ्या पडल्या होत्या आणि पाणी नळाच्या पाण्याइतकं स्वच्छ. मला आधी वाटलं शेवाळ मरून खाली बसलं असणार. पुन्हा ओतलं. रात्री पुन्हा तळ दिसला. बायकोला हाक मारून दाखवलं, तिनं बघितलं आणि म्हणाली, "आमच्याकडं समुद्र कमी पडत नाही तो उगीच का?"

त्या दहा जणांनी एका दुपारी जे संपवलं तेवढं माझ्या लाल शिंपलीला दोन महिन्यांत मिळालं नसावं. बादली पुसताना मी तो हिशेब करत होतो, आणि दुकानदाराला पुन्हा फोन लावावासा वाटत होता. लावला नाही. काय सांगणार, तुमच्या झाकणभर बाटलीचा हिशेब घ्या म्हणून?

शिणाणे मार्चपर्यंत राहिले. एप्रिलमध्ये बाल्कनीतलं शेवाळ उन्हानं बसायला लागलं, बाटल्या फिकट पडल्या, लाइट गेली की हवा बंद. हॉलमध्ये बाटल्या आणल्या तर घरात अमुक-तमुक वास येतो अशी तक्रार. शेवटी उरलेले शिणाणे मी, आता लपवण्यात अर्थ नाही, कांदा-खोबऱ्याच्या वाटपात घालून खाल्ले. चवीला बरे होते, थोडे बारीक. एका शिंपलीसाठी एवढा आरडाओरडा करणारा माणूस दुसरी शिंपली भातावर घेतो, यात विसंगती आहे हे मला दिसतं. माझ्या दृष्टीनं शिणाणा पोटभर जगून मेला. हा युक्तिवाद कितपत टिकेल मला सांगता येणार नाही, सासूबाईंना तो न सांगताच पटलेला आहे.

सल्ला विचाराल तर माझा सल्ला आहे की घेऊ नका. शिंपली, नळीतला पिसाऱ्यासारखा कृमी, समुद्रपंखा, जे काही वाहत्या पाण्यातलं गाळून जगतं ते घरच्या टाकीत नको. क्लाउन ठेवा, कोळंबी ठेवा, दाणा टाकला की खाताना दिसतो तो जीव ठेवा. घ्यायचंच असेल तर आधी दोन महिने नुसतं शेवाळ वाढवून दाखवा, तेही मे महिन्यात, सोलापुरात.

हे सगळं मी परवा होटगी रोडवरच्या एका पोराला ऐकवलं. इंजिनिअरिंगला आहे, नवी टाकी लावलीय, फ्लेम स्कॅलप घ्यायला मुंबईला निघाला होता. त्यानं निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, मग तुमच्याकडचं शेवाळ थोडं द्या की, आत्तापासून वाढवतो." दिलं. वाचलेल्या दोन बाटल्या दिल्या, खत कुठून आणायचं तेही लिहून दिलं, आणि माझ्यासाठी मिठाची बादली आणायला पैसेही दिले. जिना उतरता उतरता त्याला वरून ओरडून सांगितलं, रंगावर जाऊ नकोस बे, काचेवर हाताची सावली पाड, चटकन मिटेल तीच घे.