दप्तराबाहेरचा चढ

भूमापनाच्या ज्या विद्येत माझी हयात गेली तिचा एक नियम असा आहे की, जमीन कितीही उताराची असली तरी मोजणीची साखळी क्षितिजसमांतरच धरावयाची. उतार तीव्र असेल तर ती थोडीथोडी, टोकाशी ओळंबा सोडून, टप्प्याटप्प्याने पुढे न्यावयाची आणि जे आडवे अंतर हाती येईल तेवढेच टिपणात लिहावयाचे. 33 फुटांची, 16 आण्यांची ती साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर, हा हिशेब आमच्या पिढीच्या बोटांत बसलेला होता. 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या, अंमलदार बदलले. परंतु साखळी आडवी धरण्याचा प्रघात तसाच राहिला, आणि म्हणून सरकारी दप्तरात डोंगर सपाट असतो. क्षेत्राला रकाना आहे, आकाराला आहे, पोटखराब्याला आहे, चढाला नाही.

चढाची नोंद कोणीच ठेवली नाही असे मात्र नव्हे. ती नोंद कोठे आहे हे मला कळले ते माझ्या बालमित्राच्या संगतीने, कोडोलीहून गिरोलीमार्गे जोतिबाच्या डोंगरावर पायी जाताना.

आमच्या शिवारातून दक्षिणेकडे पाहिले की हा डोंगर समोरच उभा दिसतो. सभोवतालच्या सपाटीपासून तो सुमारे हजार फूट उंच, आणि माथ्यावर वाडी रत्नागिरी. काळ्या पाषाणाचा हा सारा मुलूख थरावर थर साचून बनलेला असल्यामुळे चढ एकसारखा लागत नाही. उभी धार लागते, मग अरुंद सपाटी, पुन्हा धार, पुन्हा सपाटी. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, तेथे वरचे मुरलेले पाणी अडते आणि कडेला पाझरते. आता या वाटेवरची देवस्थाने पाहावीत. धार जेथे सुरू होते तेथे शेंदूर फासलेला एखादा म्हसोबा. छाती भरून येते नेमक्या त्या सपाटीवर चार दगडांची घुमटी. पाझराशी एखादी देवी. आणि वाट फुटते तेथे योग्य वाटेकडे तोंड करून बसविलेला एक अनगड तांदळा. ज्यांनी ही ठाणी मांडली त्यांच्याजवळ ना शंकू होता ना साखळी; पण पायांना काय सोसते आणि किती सोसते, याची त्यांनी केलेली मोजणी माझ्या टिपणापेक्षा खरी आहे, असे मी या धंद्यातला माणूस असूनही निःशंकपणे म्हणतो.

मित्राने तरुणपणी सासनकाठी वाहिली आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला कराड, सातारा, सांगलीकडून आणि कर्नाटकातूनही ज्या उंच काठ्या गुलाल उधळीत, चांगभलंच्या गजरात डोंगरावर येतात, त्यांतील काठी पेलणे हे केवळ बळाचे काम नव्हे. वेळूचा तो डोलता भार एकाने सांभाळावयाचा, इतरांनी दोर ताणून तोल राखावयाचा, आणि पाऊल कोणा एकाच्या लहरीने टाकावयाचे नाही. त्या शिस्तीने त्याचे चालणे घडले आहे. चढावर तो बोलत नाही, पाऊल आखूड ठेवतो, टाच पुरी टेकवितो, आणि ठाणे आले की दमलेला नसला तरी बसतो. पहिल्यापहिल्यांदा मला हा खोळंबा वाटे. तेव्हा तो म्हणाला, "मर्दा, दम मोडायच्या आधी बसायचं. मोडल्यावर बसलास तर डोंगर उठू देत न्हाई." त्या एका वाक्यात ठाण्यांच्या अंतराचा सगळा उलगडा आहे. देवापुढे हात जोडण्याच्या निमित्ताने वाटसरूला थांबविले, त्याच्या श्वासाला उसंत दिली. आणि देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावावयाची नाही या धाकामुळे, बाकीचा उतार उघडा पडला तरी बसण्याच्या जागी जांभूळ व हिरडा उभे राहिले, खाली करवंदीच्या जाळ्या राहिल्या. रानाचा हा वाटा राखण्यात कोणत्याही कायद्यापेक्षा त्या भक्तीचे काम मोठे आहे.

माझ्या नोकरीशीही या दगडांचा संबंध आला. दोन गावांच्या शिवेचा तंटा उभा राहिला, नकाशा एक सांगू लागला आणि वहिवाट दुसरे, म्हणजे पंचांतील म्हातारी माणसे मुकाट्याने चालू लागत आणि एखाद्या शेंदरी दगडावर हात ठेवीत. पंचनाम्यात तो दगड हद्दीची खूण म्हणून उतरे. त्याच्या देवपणाचा उल्लेख करण्याची पद्धत नव्हती.

माथ्यावरच्या देवळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मूळचे लहान देवालय किवळच्या नावजींचे अशी परंपरा; सांप्रतचे मोठे देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 साली बांधविले, चोपडाईचे 1750 मध्ये प्रीतिराव हिंमतबहादूर चव्हाणांनी, आणि केदारेश्वराचे 1808 मध्ये दौलतराव शिंद्यांनी. ही नावे टिकली, ती टिकावीत. परंतु माथ्यावरून पश्चिमेस पन्हाळा दिसतो, तेव्हा माझे मन निराळ्याच माणसांकडे जाते. जुलै 1660 च्या भर पावसात, वेढ्यातून निसटून, विशाळगडाच्या रोखाने छत्रपतींची पालखी नेणारे जे भोई त्या रात्री चिखलातून धावले, त्यांच्या पायांना ती वाट किती ठाऊक असली पाहिजे! बाजीप्रभूंचा पराक्रम इतिहासाने उचित गौरवाने सांगितला. वाट चालण्याची ही विद्या मात्र कागदावर आली नाही. ती अशा ठाण्यांत आणि माझ्या मित्रासारख्यांच्या गुडघ्यांत राहिली आहे.

आता मोटारी थेट देवळाजवळ जातात. यात्रेकरूंची सोय झाली, वृद्धांना दर्शन घडू लागले, हे चांगलेच आहे. पण पायवाटेवर गवत चढते आहे, आणि जेथे कोणी बसत नाही तेथला दगड उद्या बांधात घालावयास उचलला गेला तर तक्रार करणारा कोणी उरणार नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी या वाटेचे टिपण काढावयास घेतले आहे. त्यात आडव्या अंतराबरोबर प्रत्येक ठाण्याची उंची, पाण्याची जागा, सावलीचे झाड आणि तेथवर पोचताना घेतलेला विसावा, असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्याला मित्राचा पहिल्याने विरोध होता, कारण विसावा माणसागणिक बदलतो असे त्याचे म्हणणे. पुढे त्यानेच सुचविले की ओझे असताना आणि नसताना, अशा दोन नोंदी घ्याव्यात. उतरताना घेतलेली नोंद तो मानीत नाही. गिरोलीच्या बाजूचे काम पुरे होत आले आहे. पोहाळ्याच्या लेण्यांकडून वर येणारी वाट दसरा झाल्यावर, गवत वाळले म्हणजे, पायथ्यापासून घ्यावयाची असे ठरले आहे.