चिलापी

भाषेच्या इतिहासाच्या तासाला मी गेली अनेक वर्षे एक उदाहरण न चुकता देत आले आहे. संस्कृतातला ‘मत्स्य’ प्राकृतात ‘मच्छ’ होतो आणि मराठीत येता येता त्याचा ‘मासा’ होतो. ‘सत्य’चा ‘सच्च’ होतो. ‘नृत्य’चा ‘णच्च’ होतो आणि त्याच वाटेने आपले ‘नाचणे’ येते. मग ओघानेच गाथासप्तशतीचा विषय निघतो. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला हा संग्रह, त्यातली माहाराष्ट्री, आणि त्या माहाराष्ट्रीत ‘गोला’ झालेली आपली गोदावरी. आमच्या शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या पैठणचा हा वारसा सांगताना आवाज थोडा चढतो, हे मला ठाऊक आहे. शब्द लोकांच्या तोंडात झिजतात आणि त्या झिजण्यातूनच भाषा घडते, असे एक वाक्यही मी शेवटी म्हणते. मुले ते लिहून घेतात.

याच वाक्याच्या आधारावर एका विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या प्रकल्पासाठी विषय निवडला होता. तो जायकवाडीच्या काठच्या एका गावातला, भोई समाजातला. आजोबा नदीवर मासे धरत, वडील धरणावर धरतात. घरात आणि होडीत बोलले जाणारे मासेमारीचे शब्द गोळा करून त्यांवर लिहायचे, असे त्याच्या मनात होते. पहिली वीस पाने त्याने मला आणून दिली आणि मी ती लाल शाईने तपासली. आज स्पष्ट आठवते ते एवढेच, की ‘चिलापी’ हा शब्द जिथे जिथे आला तिथे तिथे मी तो खोडून वर ‘तिलापिया’ असे लिहिले होते. ‘दुपारी पाणी उठते’ या वाक्याखाली रेघ ओढून ‘लाटा उसळतात’ अशी दुरुस्ती केली होती. समासात एक शेराही होता : शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.

पंधरा दिवसांनी तो विषय बदलून घेण्यासाठी आला. त्याने एक ग्रामीण कादंबरीकार निवडला. ग्रंथालयात संदर्भ भरपूर होते. प्रकल्प नीटनेटका झाला, गुणही चांगले मिळाले. मलाही त्यात काही गैर वाटले नाही, उलट मुलगा मार्गी लागला असेच वाटले.

गेल्या मार्चमध्ये, नाथषष्ठीच्या आठवडाभर आधी, त्याचा फोन आला. तो आता एका कारखान्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर धरणावर जातो. “मॅडम, तुम्ही वर्गात म्हणाला होतात की एकदा होडीतून धरण बघायचंय म्हणून.” मी तसे म्हटल्याचे मला आठवत नव्हते, त्याला आठवत होते.

पहाटे साडेपाचला आम्ही काठावर पोहोचलो. इतकी वर्षे हा जलाशय मी बांधावरूनच पाहिला होता : दहा किलोमीटरचा मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे आणि पलीकडे नुसते पाणी. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण, ही माहितीही मुखोद्गत होती. पण होडीत बसल्यावर पाणी आपल्या कमरेच्या उंचीवर येते आणि मग मोजमापांचा काही उपयोग राहत नाही. होडी जेमतेम तिघांपुरती. तळाशी बोटभर पाणी साचलेले, ते काढायला अर्धा कापलेला प्लास्टिकचा डबा. “म्याडम, मधोमध बसा. अन् उठू नका,” एवढेच काका म्हणाले.

दुरून शांत दिसणारा नाथसागर आतून बराच गजबजलेला असतो. अंधारातच पाचसहा होड्या आणि थर्माकोलचे तराफे पुढे गेले होते. एकेका तराफ्यावर एकेक माणूस पाय दुमडून बसलेला. जागोजाग पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. त्या कचरा नव्हत्या; त्यांच्याखाली जाळी सोडलेली होती आणि कोणती बाटली कोणाची हे प्रत्येकाला माहीत होते. दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग उभी होती. 1986 पासून हे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. याच पाण्यावर आमच्या शहराची तहान भागते, शेतीचे कालवे याच पाण्यावर वाहतात, आणि आता याच पाण्यावर तरंगते सौरपॅनेल बसवण्याची योजना आहे, जिला इथल्या मच्छीमारांनी विरोध केला आहे. शंभरावर गावांची जमीन या पाण्याखाली गेली, तीही खालीच कुठेतरी आहे. इतक्या दावेदारांच्या मधून काका वल्हे मारत होडी काढत होते. न बोलता, पण कोणाच्याही जाळ्याला धक्का न लावता.

एका ठिकाणी त्यांनी होडी थांबवली आणि माझ्या हातात गळ दिला. काठी नव्हती. बोटाभोवती गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिशाचा मणी, आकड्याला गांडूळ. “वढ लागली की लगेच हिसका मारू नका. आधी ती चाखती.” मी चार वेळा हिसका मारला आणि चारही वेळा नुसता आकडा वर आला. पाचव्या वेळी तळहाताएवढा एक मासा लागला. करडा, पाठीवर काटेरी पंखांची ओळ.

“चिलापी,” काका म्हणाले.

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. तो होडीतले पाणी डब्याने बाहेर टाकत होता.

हा मासा इथला नाही. मूळचा आफ्रिकेतला, भारतात तो 1952 साली आणला गेला. हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची कादंबरी याच वर्षी प्रसिद्ध झाली, जिचा पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून अनुवाद केला आणि जी मी वर्गात शिकवत आले. आल्या आल्या चिलापी जिथे मिळेल तिथल्या पाण्यात पसरली. इतकी, की मूळच्या माशांना ती जड गेली. काकांची तक्रारही तीच होती. नदी होती तेव्हा वाम आणि मरळ जास्त मिळायची, आता चिलापीच चिलापी. रोहू मिळतो, पण तो सोडलेला असतो. सोडण्याच्या पिल्लांना सरकारी कागदातही फार देखणी नावे आहेत : अगदी लहान असताना ‘मत्स्यजिरे’, बोटाएवढी झाली की ‘बोटुकली’. हे शब्द कोणा कार्यालयात बसून घडवलेले वाटत नाहीत. ते कुणाच्या तरी डोळ्यांनी आणि बोटांनी घडवले असावेत.

मग त्यांनी रात्री सोडलेले जाळे ओढायला घेतले. त्यात एक मोठी चिलापी होती. हातात घेताच तिने तोंड उघडले आणि काकांच्या ओंजळीत इवलीशी पिल्ले सांडली. ही मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्ले पोहायला लागली तरी धोका दिसताच त्यांना पुन्हा तोंडात घेते. “तवर ती काई खात न्हाई. म्हनून गळाला लागत न्हाई. जाळ्यात मातर घावती.” त्यांनी हात पाण्यात बुडवून पिल्ले सोडून दिली आणि मासा टोपलीत टाकला. यात दया नव्हती आणि क्रौर्यही नव्हते. त्या टोपलीवर त्यांचे घर चालते.

मला मात्र तेव्हा माझीच वीस पाने आठवली. ‘तिलापिया’ हा शब्द माशाबरोबर परदेशातून आला. मच्छीमारांनी तो पुस्तकात वाचला नाही, कानांनी ऐकला आणि तोंडात घेतला. ‘ति’चा ‘चि’ झाला, शेपटीकडचा ‘या’ गळून पडला. ‘सत्य’चा ‘सच्च’ करणारी प्रवृत्ती याहून फार वेगळी नाही. तिथे त् आणि य् एकत्र आले, इथे त् नंतर इकार आला. जीभ दोन्हीकडे टाळूकडेच सरकली. दोन हजार वर्षांपूर्वी घडलेल्या या बदलाला मी वारसा म्हणत होते आणि डोळ्यांदेखत घडलेल्या बदलाला अशुद्ध. गाथासप्तशतीच्या काळात एखादा लाल शाईवाला असता तर ‘गोला’ खोडून त्यानेही वर ‘गोदावरी’ लिहिले असते.

दहाच्या सुमारास वारा पडला होता, पाणी आरशासारखे होते. तरी काका म्हणाले, “चला, पानी उठायच्या आत निगू.” अर्ध्या वाटेवर असतानाच पश्चिमेकडून वारा सुरू झाला. लाटा ‘उसळल्या’ नाहीत. पाणी खरोखरच उठले. झोपलेले जनावर पाय सावरत उठते तसे, सगळे एकदम. पंचावन्न किलोमीटर लांबीच्या जलाशयावर वारा धावून येतो तेव्हा असे होते. मी होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्या बाईंना ते वाक्य इतक्या उशिरा समजले.

काठावर चहा घेताना मी ती जुनी वीस पाने त्याच्याजवळ आहेत का, असे विचारले. “नाहीत मॅडम. मध्ये घर बदललं.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती असती तर मला बरे वाटले असते. मी वही काढली आणि काकांना शब्द विचारू लागले. ते सांगत होते, मधूनच हसत होते, “ह्ये काय लिवायचं असतंय?” असेही म्हणाले. माझे अक्षर वाऱ्याने हलत होते, काही उच्चार पकडता येत नव्हते. शेवटी वही विद्यार्थ्याकडे दिली आणि म्हटले, “तू लिही. तुला बरोबर लिहिता येईल.”

त्याने वही मांडीवर घेतली आणि पहिला शब्द वळणदार अक्षरात लिहिला : तिलापिया.