चेहरा दिसला पाहिजे

घराला कॅमेरे लावायचे ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती लावूया?" आणि दुसरा, "किती मेगापिक्सेलचे?" रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे काम करताना माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो : तुम्हाला त्यात काय दिसायला हवं? खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोणीतरी आलं एवढं कळलं की पुरे, की आलेल्या माणसाचा चेहरा ओळखता यायला हवा? या दोन कामांना दोन वेगळे कॅमेरे लागतात. बहुतेक घरांत पहिल्या कामाचेच चार-चार लावलेले असतात. चोरी झाल्यावर पोलिसांपुढे फुटेज उघडलं जातं, त्यात एक माणूस गडगा ओलांडून येतो, मागच्या दाराशी जातो, निघून जातो. सगळं दिसतं, फक्त तो कोण ते दिसत नाही.

याचं गणित सोपं आहे. दोन मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. समोरची जेवढी रुंदी चित्रात येते, तिच्यात हे पिक्सेल वाटले जातात. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे (आयईसी ६२६७६-४) अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर दर मीटरला २५० पिक्सेल हवेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि कोणीतरी आहे एवढं कळायला २५ पुरतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या २.८ मिलिमीटर लेन्समध्ये पाच मीटरवर साधारण साडेनऊ मीटर रुंदी मावते. म्हणजे मीटरला जेमतेम २०० पिक्सेल. अनोळखी चेहरा सांगण्याची तिची ताकद चार मीटरच्या आसपास संपते. तिथेच सहा मिलिमीटरची लेन्स लावली तर चित्र अरुंद होतं, पण आठ मीटरवरच्या बेड्यापाशी (फाटकापाशी) थांबलेल्याचा चेहरा हाती लागतो. लेन्स बदलून घ्यायला बहुधा जास्त पैसेही पडत नाहीत. खरेदीच्या वेळी तसं सांगावं मात्र लागतं.

लेन्सनंतर उंची. कॅमेरा हाताला लागू नये म्हणून तो वाशाला, बारा-चौदा फुटांवर ठोकायची पद्धत आहे. तिथून टोपी दिसते, टक्कल दिसतं, खांद्यावरची पिशवी दिसते. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा साडेसात-आठ फुटांवर असावा असं माझं ठाम मत आहे. "मग तो काढून नेईल की!" असं सगळे म्हणतात. त्यावर उपाय आहे : मजबूत आवरणाचा, मार सोसणारा डोम घ्यावा आणि अंगणावर नजर ठेवणारा रुंद कॅमेरा उंचावरून असा लावावा की हा खालचा कॅमेराही त्याच्या चित्रात येईल. खालच्या कॅमेऱ्याला हात लावायला येणाऱ्याचा चेहरा तेवढ्यात रेकॉर्ड झालेला असतो.

कोकणातल्या घरांची अडचण पडवीपासून सुरू होते. मालवणजवळच्या एका जांभ्याच्या घरात कॅमेरा पडवीच्या आतल्या भिंतीवर, खळ्याकडे तोंड करून लावलेला होता. आत अंधार, बाहेर शेणाने सारवलेल्या खळ्यावर लख्ख ऊन. पायऱ्या चढून येणारा प्रत्येक माणूस काळी आकृती होऊन येत होता. डब्ल्यूडीआर नावाची सोय असलेला कॅमेरा असा उजेड-अंधार बराच सावरतो, पण मी आधी जागाच बदलली. कॅमेरा पडवीच्या टोकाच्या खांबावर नेला आणि पडवीच्या लांबीला समांतर फिरवला. आता कोणीही दाराकडे निघालं की तीन मीटरवरून त्याचा चेहरा आडवा जातो, मागे भिंत असते, उन्हाचा झोत नसतो. दारावर साधा पिवळा दिवा रात्रभर जळत ठेवला. त्याच कॅमेऱ्यात चित्र बदललं.

रात्रीचं चित्र बहुतेकांनी दुकानात पाहिलेलंच नसतं. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकून कॅमेरा अंधारात पाहतो. तो वळचणीच्या अगदी खाली, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला चिकटून लावला, की हा उजेड भिंतीवरून परत लेन्समध्ये येतो, जवळचं सगळं पांढरंफट होतं आणि खळं काळोखात बुडतं. पावसाळ्यात पागोळ्या त्या उजेडात चमकतात. "हालचाल दिसली" म्हणून मालकाच्या मोबाइलवर रात्रभर सूचना वाजतात, आणि आठवडाभरात तो त्या सूचना बंद करून टाकतो. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि लेन्सपुढेच जाळं विणतो. महिन्यातून एकदा मऊ फडक्याने काच पुसणं हे कोकणात बसवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. आयपी ६७ हा शिक्का कॅमेऱ्याच्या अंगावर असतो. त्याच्या वायरीच्या जोडाला ते संरक्षण नसतं. जोड बंद जंक्शन बॉक्समध्येच हवा, आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्यायची, म्हणजे पाणी झोळावरून टपकून जातं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उघडा जोड हिरवा पडायला फार वेळ लागत नाही.

तारेच्या जुन्या पद्धतीचा डीव्हीआर घ्यावा की नेटवर्कवर चालणारा एनव्हीआर, यावर मी फार वेळ घालवत नाही. चार कॅमेऱ्यांच्या घराला दोन्ही चालतात. नवीन वायरिंग करायचंच असेल तर नेटवर्कची केबल टाकावी. एकाच केबलीतून वीज आणि चित्र दोन्ही जातं, फक्त एका टप्प्यात शंभर मीटरची मर्यादा पाळावी. खरी काळजी वीज पडण्याची. मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस यांत लांबच्या मांगरापर्यंत ओढलेली तार रेकॉर्डरपर्यंत झटका आणते. अर्थिंग चांगलं करून घ्या, सर्ज रोखणारं उपकरण बसवा, आणि रेकॉर्डरला इन्व्हर्टरची जोड द्या. चाकरमान्यांची घरं गणपती आणि शिमग्यामधले महिने बंद असतात. तिथे सिमकार्डाचा राउटर लावला की वीज गेल्याचंही कळतं, ती माहितीही मोलाची. रेकॉर्डर मात्र टीव्हीशेजारी ठेवू नका. चोर टीव्हीबरोबर तोही उचलतो.

साठवणुकीचं एक गणित सांगतो. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने लिहीत असतील तर दिवसाला सुमारे ८६ जीबी लागतात. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. बंद घर महिन्याने उघडलं तर चोरीचा दिवस केव्हाच पुसला गेलेला असतो. त्या घराला तीन टीबी हवीच, आणि डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली घ्यावी.

फुटेज पुरावा म्हणून उभं राहावं यासाठीही थोडी तयारी लागते. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तो उमेदवारी अर्ज भरण्याच्या वेळेच्या व्हिडिओ चित्रणावरून. अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यातल्या जुलै २०२० च्या निकालाने स्पष्ट केलं की मूळ यंत्र न आणता प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आता तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही लिहावा लागतो. म्हणून घटना घडली की आधी रेकॉर्डिंग थांबवा, रेकॉर्डर तसाच ठेवा, मोबाइलने पडद्याचं शूटिंग करून समाधान मानू नका. रेकॉर्डरचं घड्याळही तपासत राहा. वीस मिनिटं मागे चालणाऱ्या घड्याळाने खरा माणूस सुटू शकतो.

पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. केंद्र सरकारनेही ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीची सायबर सुरक्षा चाचणी बंधनकारक केली आहे. बिनबिलाचा स्वस्त माल घेऊ नये.

आता घराच्या आतली गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलं पुण्याला, दुबईला, अमेरिकेत. आई एकटी घरी. मुलगा फोनवर सांगतो, माजघरात आणि आईच्या खोलीतही लावा. त्याची काळजी खरी असते. पण मी आधी आईला विचारतो, मुलगा फोनवर असतानाच. एका आजींनी सरळ सांगितलं, "ओटीवर लाव. माजघरात मी पदर काढून बसते, तिथे नको. मी जेवले की नाही ते त्याने फोन करून विचारावं." मी ओटीवर एक लावला आणि त्यांच्या गळ्यात घालायचं मदतीचं बटण दिलं. ज्याच्या अंगावर कॅमेरा रोखला जाणार त्याची परवानगी नसेल तर मी तो बसवत नाही. शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडे, विहिरीकडे तोंड असेल तर चित्राचा तेवढा भाग मास्क टाकून काळा करता येतो. ही सोय जवळपास प्रत्येक रेकॉर्डरमध्ये असते आणि शेजाऱ्याला बोलावून, पडदा दाखवूनच ती लावावी.

काम पूर्ण झालं की दिवसाउजेडी चित्र बघून पैसे चुकते करू नका. रात्री आठनंतर घरात फारसा न येणारा एखादा माणूस, टोपी घालून, बेड्यापासून दारापर्यंत नेहमीच्या चालीने चालवा. रेकॉर्डिंग थांबवून त्याचा चेहरा मोठा करा, त्यालाच पडद्याशेजारी उभं करा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारा, हा तोच का. उत्तर लगेच "हो" आलं नाही, तर त्याच रात्री कॅमेरा खाली घ्यायला किंवा लेन्स बदलायला लावा.