पैसे न विचारणारी खिडकी

लंडनला पोहोचताच आमची पावले किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरच्या घराकडे वळली. १९२१-२२ मध्ये शिकताना बाबासाहेब येथे राहिले. वास्तूला वंदन करून आम्ही भाच्याबरोबर त्याच्या दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी नाव, जन्मतारीख विचारली. पैसे विचारलेच नाहीत! पैशाअभावी ताप अंगावर काढणारी आमची आई आठवली.

आम्ही पडलो कारकून, हिशेब समजून घेतला. ही राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. ती उभारणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेले. असे दवाखाने बहुधा डॉक्टरांच्या भागीदारीचे असतात. करारानुसार सरकार नोंदलेल्या रुग्णांची संख्या, वय, गरज पाहून रक्कम देते. पगार, पाळ्या, भेटीच्या वेळा व्यवस्थापक सांभाळतो. तो डॉक्टरच असावा असे नाही. भेटीसाठी ताटकळावे लागते, ही तक्रार तिथेही आहेच.

आपल्या राज्यातही १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण मोफत दवाखाना चालतो तो चोख कारभारावर. बंधुभगिनींनो, आपली मुले डॉक्टर होवोत. वाणिज्य शिकलेल्यांनीही या कारभारात शिरावे. जयभीम!