व्यवस्थेचा पश्चात्ताप

ताप उतरला, तरी अशक्तपणा रेंगाळला आहे. पडल्यापडल्या अमेरिकी ख्रिस्ती धर्मचिंतक वॉल्टर राउशेनबुश यांची व्याख्याने वाचते आहे. एप्रिल १९१७ मध्ये त्यांनी ती येल विद्यापीठात दिली. त्याच महिन्यात अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, आणि हे स्वतः जर्मन वंशाचे. ऐकू येणे तर कधीच मंदावलेले. पुढच्या वर्षी जुलैत ते गेले.

या व्याख्यानांची मुळे मात्र न्यूयॉर्कमध्ये आहेत. हेल्स किचन या गरीब वस्तीच्या कडेला, जर्मन बाप्टिस्ट चर्चमध्ये ते १८८६ पासून ११ वर्षे पाळक होते. तिथे लहान मुलांचे अंत्यविधी त्यांना वारंवार करावे लागले. त्या चिमुकल्या शवपेट्या माझ्या नजरेसमोरून हलत नाहीत. कोंदट घरे, तुटपुंजी मजुरी. मग पाप कुणाचे? राउशेनबुश सांगतात, पाप एकट्या माणसाच्या मनात मावत नाही. ते संस्थांत, नफ्याच्या रीतीत मुरते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. म्हणून तारणही एकट्यादुकट्याचे नसते.

मन अस्वस्थ होते. मला आजारपणाची पगारी रजा आहे. आमचा जिना झाडणाऱ्या मावशींना ताप आला, की त्या दिवसाची मजुरी बुडते. यात कुणीच दुष्ट नाही, तरी अन्याय आहेच.

माणूस गुडघे टेकून पश्चात्ताप करतो. व्यवस्थेने तो कसा करायचा? रजेचा नियम बदलून, मजुरी वाढवून? सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. तेवढ्याने भागेल का, हा विचार अजून चालूच आहे.