पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो गृहस्थ बहुधा परीक्षक असावा. आईबापांना पाळण्यात पाय दिसत नाहीत. त्यांना दिसतो तो चेहरा, आणि तोही कोणाच्या वळणावर गेला आहे याविषयी दोन घराण्यांत गोड वाद चाललेला असतो. पायांकडे पाहून भविष्य वर्तवावयाचे ते एखाद्या त्रयस्थाने. मी स्वतः चौतीस वर्षे शाळेत शिकवण्यात आणि त्यांतली बरीचशी पेपर तपासण्यात घालवली असल्यामुळे, या म्हणीविषयी मला धंदेवाईक आपुलकी आहे. परंतु ती कितपत खरी आहे याचा नीट विचार करण्याचा योग मला आला तो फार दूर, फ्रान्स देशातील बोर्दो शहरी, तांबड्या वाइनचे दोन पेले पुढे घेऊन बसलो असताना.

‘वाइन’ हा शब्द मी मुद्दामच वापरला आहे. द्राक्षासव म्हणावे तर आपल्याला वैद्याकडची बाटली आठवते, आणि मद्य म्हणावे तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या भुवया वर चढतात. सोवळ्या वाचकांच्या समाधानासाठी हेही सांगून टाकतो की, या लेखात पिण्याचा पुरस्कार केलेला नाही. वाइनची परीक्षा करणारे लोक घोट तोंडात घेतात, घोळवतात, आणि शेजारी ठेवलेल्या पिकदाणीत टाकून देतात. आमच्या आजोळच्या ओटीवरल्या पितळी पिकदाणीनंतर इतक्या सन्मानाने मांडलेली पिकदाणी मी प्रथम पाहिली ती तेथेच.

माझा भाचा नोकरीनिमित्त त्या शहरात सहकुटुंब राहतो. त्याच्याकडे मी महिनाभर गेलो होतो. एका संध्याकाळी तो म्हणाला, “मामा, चला, तुम्हांला आज एक परीक्षा दाखवतो.” वाइनचा व्यापार करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाच्या तळघरात आम्ही आठ माणसे जमलो. टेबलावर दोनच बाटल्या होत्या. दोन्ही सां-ज्युलियँ गावच्या एकाच मळ्यातल्या, एकाच घराण्याच्या, लेबलही एकच. फरक एका आकड्याचा. एकीवर २००९ हे साल होते, दुसरीवर २०१०.

एका आकड्याने एवढे काय बिघडते, असे आपल्याकडे कोणी विचारणार नाही. यंदाचा हापूस गेल्या सालच्या मानाने कसा उतरला आहे, या विषयावर दर वैशाखात प्रत्येक घरी जाणकारीने चर्चा होते. झाड तेच, माती तीच, पण मोहोराच्या वेळी आभाळ आले किंवा अवेळी पाऊस पडला की फळाची चव पालटते. मात्र आंबा आपण खाऊन टाकतो आणि आषाढ लागताच त्याचे साल विसरतो. बोर्दोच्या लोकांनी त्या वर्षाचे ऊन, वारा आणि पाऊस बाटलीत कोंडून वर साल छापण्याची रीत पाडली, त्यामुळे त्यांच्याकडे एकेका वर्षाची आठवण शंभर-शंभर वर्षे चालते. तेथल्या मेदोक भागातील मळ्यांची प्रतवारी १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने पाच वर्गांत झाली, ती आजतागायत जवळजवळ तशीच आहे. १९७३ साली मूतों नावाच्या मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात चढवले, हाच काय तो मोठा फेरफार. घराण्याची अशी कायमची पत ठरली, तरी दर वर्षी जन्मणाऱ्या लेकराची परीक्षा नव्याने होते ती होतेच.

२००९ आणि २०१० ही दोन्ही साले त्या मुलखात थोर मानली जातात, आणि दोहोंचे स्वभाव मात्र अगदी निराळे आहेत. २००९ साली वेलींचा फुलोरा सुखरूप फळला, उन्हाळा उबदार गेला आणि सप्टेंबरभर स्वच्छ ऊन पडले. द्राक्षे निवांतपणे पिकली, गोड झाली, त्यांच्या साली मऊ राहिल्या. लाडात वाढलेले ते वर्ष. २०१० ची गोष्ट वेगळी. जूनमधल्या गार हवेत फुलोऱ्याची गळ झाली. मेर्लो जातीच्या वेलींवर तर घड फारच विरळ धरले. पुढे पावसाने पाठ फिरवली. तहानलेल्या वेलींना लहान, जाड सालीची द्राक्षे आली. दिवसा ऊन भरपूर होते, पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या रात्री थंड होत्या. उन्हाने साखर भरली आणि गारव्याने आंबटपणा राखला. त्यामुळे त्या वर्षाच्या वाइनला सगळेच जास्त मिळाले: दारूचा जोर, आंबटपणा, आणि सालीतून व बियांतून उतरणारा तुरटपणा.

आता पाळण्याची हकीकत ऐका. द्राक्षांची तोडणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि पुढच्या वसंतात, म्हणजे वाइन जेमतेम सहा महिन्यांची असताना, देशोदेशींचे परीक्षक आणि व्यापारी बोर्दोत जमून पिंपांतले नमुने चाखतात. ती बाटलीत भरण्याला अजून वर्षभर किंवा अधिक अवकाश असतो; सव्वादोनशे लिटरांच्या ओक लाकडाच्या पिंपात ती अजून झोपलेली असते. त्या झोपलेल्या तान्ह्या जिवाला शंभरांपैकी गुण दिले जातात! ही शंभर गुणांची चाल रॉबर्ट पार्कर या अमेरिकन परीक्षकाने गेल्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय केली. त्या गुणांवर भाव ठरतो, त्या भावाने सौदे होतात, आणि ज्या वाइनला आपले खरे रूप दाखवायला वीस वर्षे लागावयाची तिची गुणपत्रिका ती रांगू लागण्याच्या आत जगभर फिरून येते.

एकाच मळ्याची निरनिराळी साले ओळीने चाखणे याला तेथे ‘उभी’ परीक्षा म्हणतात, आणि एकाच सालाचे निरनिराळे मळे चाखणे ही ‘आडवी’ परीक्षा. आमची उभी होती, आणि फक्त दोन पायऱ्यांची. पेल्यातल्या उमेदवारांचे वय पंधरा-सोळा वर्षांचे. म्हणजे आपल्याकडे शालान्त परीक्षेला बसण्याचे. मला एकदम घरच्यासारखे वाटू लागले.

२००९ ची वाइन पेल्यात पडताच बोलू लागली. पिकलेल्या जांभळाचा आणि काळ्या मनुकांचा वास, त्यामागे किंचित तपकिरीचा. जिभेवर ती मखमलीसारखी पसरली. तुरटपणा होता, पण कातरलेल्या चिकण्या सुपारीइतका सौम्य. सगळ्यांचे चेहरे उजळले. २०१० ची ओतली तेव्हा तिने प्रथम कोणाला ओळखच दिली नाही. रंग अधिक गडद, वास मिटलेला, आणि घोट घेताच हिरडा चघळल्यासारख्या दोन्ही गालफडांच्या आतल्या बाजू आवळून आल्या. पण घोट टाकून दिल्यावर तिची चव तोंडात बराच वेळ टिकून राहिली, ताठ आणि स्वच्छ. तासाभराने, पेला तसाच ठेवल्यावर, तिच्यातून एक वास हळूच वर आला आणि मी चमकलो. तो होता नुकत्याच तासलेल्या शिसपेन्सिलीचा. जूनमधल्या पहिल्या दिवशीच्या वर्गाचा वास हजारो किलोमीटर अंतरावर, त्या तळघरात मला भेटला.

मग यजमानांनी हात वर करायला सांगितले. पाच हात २००९ साठी वर झाले, दोन २०१० साठी. यजमानांनी स्वतः हात वर केला नाही. ते पेले पुसत राहिले. माझा हात पहिल्या पाचांत होता आणि त्याबद्दल मला यत्किंचित खेद नाही. त्या संध्याकाळी त्या टेबलावर अधिक आनंद जिने दिला, ती २००९ च होती.

परंतु भाच्याचा हात दुसऱ्या दोघांत होता, आणि तो वर करताना जरा डळमळत होता. त्याचे कारण मला परतीच्या वाटेवर कळले. त्याची मुलगी २०१० साली जन्मलेली. मुलाच्या जन्मसालाची वाइन त्याच्या मोठेपणासाठी राखून ठेवण्याची त्या देशात चाल आहे. तिला अनुसरून याने २०१० च्या बारा बाटल्या कधीच घेऊन ठेवल्या होत्या, आणि २०२८ साली, मुलीला अठरावे वर्ष पूर्ण झाल्याच्या दिवशी, पहिली उघडायची असा त्याचा बेत होता. आता तो म्हणाला, “मामा, ही तर अजून इतकी कडक आहे. बदलून २००९ ची घेऊ का?”

प्रश्न वाइनचा होता, पण त्याच्या आवाजात दुसरे काही होते. घरातली ती मुलगी अबोल आहे. पुण्याला तिची एक चुलत बहीण आहे, एका वर्षाने मोठी. म्हणजे २००९ ची. ती बोलकी, चुणचुणीत, वक्तृत्वात बक्षिसे मिळवणारी. दर रविवारी पुणे आणि बोर्दो यांच्यामध्ये जे बोलणे होते त्यात एकीची बक्षिसे सांगितली जातात, आणि मग “आमच्या बाईसाहेबांचे काय?” असा प्रश्न येतो. त्यानंतर इकडे जी शांतता पसरते ती मी चार रविवार ऐकली होती. आपल्यापैकी कोणत्या घराला ही शांतता अपरिचित आहे?

वाइनपुरते उत्तर शास्त्राला विचारावे. तुरटपणा उत्पन्न करणारे जे द्रव्य, ज्याला टॅनिन म्हणतात, ते तोंडातल्या लाळेच्या प्रथिनांशी जखडले जाते. म्हणून तोंड कोरडे पडते. बाटलीत वर्षानुवर्षे पडून असताना हेच टॅनिन आपसांत आणि रंगद्रव्याशी जुळत जाते आणि त्यातला काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. वाइनचा जांभळा रंग विटकरीकडे झुकतो, तिखट कडा झिजतात. आपल्या भाषेत याला एक शब्द आहे, आणि तो फ्रेंचांच्या कोणत्याही शब्दाला हार जाणार नाही: मुरणे. चैत्रात घातलेले लोणचे आठ दिवसांत चाखून त्याला नावे ठेवणाऱ्या माणसाला आपल्या आज्या स्वयंपाकघरातून बाहेर घालवीत असत. २०१० ला मुरायला हवे आहे, एवढेच.

येथपर्यंत येऊन थांबलो असतो तर एक सोयीस्कर बोधकथा तयार झाली असती: जे आरंभी कडू ते अखेरीस गोड, आणि जे आरंभी गोड ते लवकर सरते. बोर्दोचा इतिहास मात्र कोणाच्याच सोयीने वागत नाही. १९२८ आणि १९२९ ही अशीच शेजारची जोडी होती. १९२९ कोवळेपणीच मोहक, १९२८ दगडासारखी कठीण; आणि त्या १९२८ ची लातूर मळ्याची वाइन पिण्यायोग्य व्हायला काही दशके जावी लागली, पण मग तिची कीर्ती झाली. बोधकथेला हे उदाहरण शोभते. परंतु १९७५ सालही असेच कडक होते. जाणत्यांनी धीर धरला, वर्षे लोटली, आणि पुष्कळशा बाटल्यांत तुरटपणा उतरण्याच्या आत फळाचा रसच आटून गेला. उलट १९८२ ची वाइन तरुणपणीच इतकी गोडबोली की ही टिकायची नाही असे काही परीक्षकांनी सांगून टाकले. तिच्यातल्या चांगल्या बाटल्या चाळीस वर्षांनंतरही आब राखून आहेत. तेव्हा अबोल तेवढा खोल आणि बोलका तेवढा उथळ, हा हिशेबही खरा नाही. पुण्याच्या त्या मुलीवर केवळ ती चुणचुणीत आहे म्हणून उतावीळपणाचा ठपका ठेवणे हा दुसरा अन्याय होईल.

मग पाळण्यात दिसते तरी काय? माझ्या मते, भांडवल दिसते. आत फळ किती आहे, आंबटपणा किती, तुरटपणा किती, आणि यांचा एकमेकांशी मेळ बसण्याजोगा आहे की नाही, एवढे चांगला परीक्षक सहा महिन्यांच्या वाइनमध्येही सांगू शकतो. परंतु त्या भांडवलाचे काळ काय करील, आणि ते फळाला येईल त्या दिवशी टेबलाशी कोण बसलेले असेल, हे त्याच्या पेपरात नसते. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. २०१० ची ती वाइन ऐन भरात येईल तेव्हा मी असेन असे मला वाटत नाही, आणि या विचाराने मला वाईटही वाटले नाही. आमच्या परसातला फणस पणजोबांनी लावला होता. त्याचा पहिला गरा त्यांच्या तोंडी लागला नाही असे आम्ही ऐकत आलो, आणि गरे आम्ही खाल्ले.

म्हणून भाच्याला मी एवढेच सांगितले: बाटल्या बदलू नकोस, आणि अठराव्या वर्षाचा मुहूर्तही धरून बसू नकोस. २०२८ साली त्या बारा बाटल्या मुलीच्या हवाली कर. एक त्या दिवशी उघडावी, की विसाव्या वर्षी, की तिशीत, की कधीच नाही, हे तिचे तिने ठरवावे. आणि पुढच्या रविवारी पुण्याहून बक्षिसांची वार्ता आली की मोकळ्या मनाने आनंद मान. “आमच्या बाईसाहेब बऱ्या आहेत” एवढे म्हण, आणि फोन तिच्याच हाती दे. बोलायचे की नाही ते तीच पाहील.

जाणते वाइनपरीक्षक आपल्या वहीत प्रत्येक शेऱ्यापुढे तो कोणत्या दिवशी लिहिला ते न चुकता नोंदतात, कारण तोच पेला पाच वर्षांनी वेगळा लागणार हे त्यांना ठाऊक असते. आपल्या शाळांच्या गुणपत्रिकांवरही तारीख असते. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, सही-शिक्क्याच्या आड. आईबाप गुण वाचतात, क्रमांक वाचतात, शेजारच्या मुलाचे गुणही तोंडपाठ करतात. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की, आधी ती तारीख वाचावी.