उलटगणतीचे घड्याळ

क्रिकेटच्या चाहत्यांनी चालवलेल्या संकेतस्थळावर पुढच्या सामन्याला किती दिवस, तास, मिनिटे आणि सेकंद उरले हे सांगणारे जे घड्याळ असते, ते पाहणाऱ्याला सेकंदागणिक एकेक आकडा उतरवत नेणारे यंत्र वाटते. नवशिका प्रोग्रामरही ते बहुधा तसेच रचतो, म्हणजे उरलेले सेकंद एकदाच काढतो आणि पुढे दर सेकंदाला त्यांतून एक वजा करत राहतो. ही रचना मुळातच चुकीची आहे. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा, ‘दर सेकंदाला हे काम कर’ अशी सूचना स्वीकारते, पण ती नेमक्या वेळेवर पाळली जाईल याची हमी देत नाही: वाचक दुसऱ्या टॅबवर गेला की मागे पडलेल्या टॅबमधली कामे ब्राउझर संथ करतो, फोनची स्क्रीन बंद झाली तर ती थांबतातही, आणि वाचक तासाभराने परततो तेव्हा घड्याळ मागे पडलेले असते. म्हणून जाणता कारागीर घड्याळाला मोजायला लावतच नाही. सामन्याचा क्षण एका जागी लिहून ठेवायचा आणि आकडे दाखवायच्या प्रत्येक वेळी त्यातून आत्ताचा क्षण नव्याने वजा करायचा, एवढेच तो करतो. मधले काही ठोके हुकले तरी पुढच्या ठोक्याला उत्तर बरोबर येते, कारण ते आधीच्या उत्तरावर विसंबून नसते.

खरी कसोटी लागते ती हा क्षण लिहिताना. जावास्क्रिप्ट कोणताही क्षण १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेल्या मिलिसेकंदांत मोजतो, आणि ती मध्यरात्र असते यूटीसीची, म्हणजे ज्या जागतिक वेळेच्या पुढे-मागे सगळ्या देशांच्या प्रमाणवेळा ठरतात तिची. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. टी-ट्वेंटी विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना २३ ऑक्टोबर २०२२ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी सातला सुरू व्हायचा होता. तेव्हा पुण्यात दुपारचा दीड, लंडनमध्ये सकाळचे नऊ आणि न्यू जर्सीत पहाटेचे चार वाजणार होते. मेलबर्नमध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळे तासभर पुढे नेलेली होती, तर त्याच देशातल्या ब्रिस्बेनमध्ये ती पद्धतच नसल्याने तिथे तेव्हा सहाच वाजणार होते. आता समजा, पुण्यातल्या प्रोग्रामरने घड्याळात फक्त ‘२३ ऑक्टोबर, १३.३०’ असे लिहिले. प्रमाणवेळेचा उल्लेख नसल्याने ब्राउझर हा दीड वाचकाच्या स्वतःच्या गावातला समजतो. पुण्यातले घड्याळ अचूक चालते, मेलबर्नमधल्या मराठी चाहत्याचे घड्याळ सामन्याच्या साडेपाच तास आधीच शून्यावर येते, आणि न्यू जर्सीतले शून्यावर येते तेव्हा विराट कोहलीच्या नाबाद ८२ धावा होऊन, शेवटच्या चेंडूवर भारत जिंकून कित्येक तास उलटलेले असतात. चूक सापडतही नाही, कारण तपासणारे सगळे पुण्यातच बसलेले असतात. वेळेपुढे ‘+०५:३०’ एवढे जोडले की जगभरची घड्याळे एकाच क्षणी शून्यावर येतात. वेळ न देता केवळ तारीख लिहिली तर आणखी वेगळेच घडते: जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरते, आणि भारतातल्या वाचकाचे घड्याळ पहाटे साडेपाचला संपते. एकाच देशातही वेळ एकच असते असे नाही, हे मुंबईला नवे नाही; १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्वतःची वेळ या शहराने पुढे अनेक वर्षे जपली.

ठरलेला क्षण बदलतोही. २०२३ च्या विश्वचषकातला अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना आधी १५ ऑक्टोबरला होता, तो नंतर १४ ऑक्टोबरला आणला गेला. अशा वेळी तारीख मथळ्यात वेगळी, घड्याळात वेगळी आणि मोबाइलच्या पानात आणखी वेगळी लिहिलेली असेल, तर त्यांतली एखादी जुनी राहतेच; सर्वांनी एकाच नोंदीतून वाचावे, हाच त्यावर उपाय. वाचकाच्या यंत्राचे घड्याळ चुकीचे असण्याची शक्यता उरते, पण आजचे फोन नेटवर्कवरून वेळ लावून घेत असल्याने सामन्याच्या घड्याळासाठी तिचा फार बाऊ करू नये.

आकडे दिसतात कसे, यालाही महत्त्व आहे. फॉन्टमधल्या अंकांची रुंदी सारखी नसेल तर दर सेकंदाला सगळी ओळ डावी-उजवीकडे थरथरते आणि डोळ्यांना त्रास होतो. त्यासाठी समान रुंदीचे अंक असलेला फॉन्ट निवडावा. दृष्टिहीन वाचकासाठी पानावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे स्क्रीन रीडर नावाचे साधन प्रत्येक बदलता सेकंद वाचू लागले, तर बाकीचे पान ऐकणे अशक्य होते, म्हणून घड्याळातले बदल आपोआप वाचू नयेत अशी खूण त्यावर करावी लागते. सामना चाळीस दिवसांवर असताना सेकंद दाखवण्यात अर्थ नाही. अखेरच्या दिवशी मात्र ते हवेतच, कारण चाहत्याची उत्कंठा तेव्हा खरोखर सेकंदांत मोजली जात असते.

घड्याळाखाली सामन्याची तारीख आणि वेळ साध्या अक्षरांत लिहिणे ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी गोष्ट. लंडन ऑलिंपिकसाठी ट्रफाल्गर चौकात मार्च २०११ मध्ये उभारलेले घड्याळ अनावरणानंतर दुसऱ्याच दिवशी ५०० दिवस, ७ तास, ६ मिनिटे आणि ५६ सेकंद हा आकडा दाखवत बंद पडले होते. वेबपानावरचा प्रोग्राम अडला तर तिथेही असा गोठलेला आकडा राहतो, आणि वाचकाच्या हाती निदान ती लिहिलेली वेळ तरी असावी लागते.

शून्यानंतर वजाबाकी चालूच ठेवली तर उणे आकडे दिसू लागतात. म्हणून सामन्याआधी, सामना चालू असताना आणि सामना संपल्यावर, अशा तिन्ही अवस्था आधीच लिहून ठेवाव्या लागतात: पहिलीत घड्याळ, दुसरीत धावफलक, तिसरीत निकाल. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला, तर घड्याळाच्या जागी ‘पावसामुळे विलंब’ असे लिहिण्याची सोय संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हाती हवी. पुढच्या सामन्याची वेळ जाहीर झाली नसेल, तर अंदाजाची तारीख घालून घड्याळ चालू ठेवू नये. ती जाहीर होईपर्यंत जागा रिकामी राहिली तरी चालेल.